विजेचीहि पाळी असावी

शेतकऱ्याच्या घरीं पूर्वीं मोट होती, आतां मोटार आहे. नांवें ऐकावयास जवळचीं, पण स्वभाव अगदीं निराळे. मोट अडली तर कां अडली हें म्हाताऱ्या माणसास चाचपूनहि सांगतां येई. नाडा झिजला, चाक करकरूं लागलें, कातडें फाटलें, नाहींतर बैल बसला. कारणें चार-पांच, आणि तीं सारीं डोळ्यांसमोर. मोटारीचें तसें नाहीं. तिचें पोट बंद, तिचा बैल अदृश्य, आणि त्या बैलाचें वैरणपाणी कोसांवरून तारेनें येतें. म्हणून मोटार चालू झाली नाहीं कीं आपण तिच्यावर रागावतों, बटण दाबतों, पुन्हां दाबतों, आणि शेवटीं तिला गाडींत घालून भरावयास नेतों. या लेखांत आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, चालू न होणाऱ्या पुष्कळ मोटारी स्वतः रोगी नसतात. रोग तारेंत असतो. आणि तार ही कोणा एकाची नसून दहा-वीस खातेदारांची सामाईक विहीर आहे. सामाईक विहिरीला जशी पाळी असते तशी विजेलाहि लावून घेतल्यावांचून आपल्या मोटारी सुखानें चालणार नाहींत.

आम्ही वीजशास्त्र शिकलेलों नाहीं. आमचें शिक्षण मराठी शाळेंत झालें आणि उमेद महसूल खात्याच्या दप्तरांत गेली. परंतु त्या दप्तरानें एक सवय अंगीं बाणविली : जागेवर जाऊन पाहिल्यावांचून मत देऊं नये, आणि पंचनामा पुरा होईपर्यंत कोणास दोषी धरूं नये. नोकरींत ही सवय आम्हीं पाळली. घरच्या मोटारीच्या बाबतींत मात्र ती विसरलों, आणि त्याचा दंड आम्हांस भरावा लागला. तो प्रकार प्रथम सांगतों. कारण दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं स्वतःची चूक कबूल केलेली बरी.

आमची जमीन शिरगांवीं, पवनेच्या बाजूस आहे. पावसाळ्यांत भात, मागाहून गहूं आणि थोडा ऊंस. पाण्यासाठीं पांच अश्वशक्तीची तीन फेजची मोटार. गतवर्षीं माघांत गहूं ओंबीवर आला असतां एके सकाळीं पुतण्या घरीं आला आणि म्हणाला, "काका, मोटार नुसती घुं घुं करते, उचलत नाहीं." आम्हीं बसल्या जागेवरून सांगितलें, "पुन्हां दाबून पाहा." आमच्या साऱ्या कारकीर्दींत इतका महाग हुकूम आम्हीं दुसरा दिला नसेल. त्यानें एकदां नव्हे, दहा-बारा वेळां बटण दाबलें. शेवटीं रोगण जळाल्याचा वास सुटला आणि ती घुं घुं सुद्धां थांबली.

मोटार काढून एका कारागिराकडे भरावयास दिली. आठ दिवस गेले. नवी तांब्याची तार, नवें रोगण. आणून बसविली आणि चार दिवस उत्तम चालली. पांचव्या रात्रीं वीज आली तेव्हां पुन्हां तोच आवाज आणि तोच वास. पुतण्या बारें धरून चिखलांत उभा होता. डीपीवरची फ्यूज गेली असेल असें समजून तो ओल्या पायांनीं, हातांत बॅटरी घेऊन डीपीकडे गेला आणि त्यानें पेटींत हात घातला. झटक्यानें तो बांधाखालीं फेकला गेला. फेकला गेला म्हणून वांचला. तारेस चिकटला असता तर हा लेख लिहिण्याची बुद्धि आम्हांस झाली नसती. त्याचा हात भाजला; पंधरा दिवस तो गळ्यांत बांधून होता. इकडे दोन पाण्यांच्या पाळ्या चुकल्या, आणि गव्हाचा दाणा पोचट राहिला.

आम्हीं मोटार भरणाऱ्या कारागिरास बोल लावला. त्याच्या कामांत खोट आहे असें चारचौघांत बोललों. पुढें एक वयस्क परवानाधारक वायरमन आला. त्यानें मोटारीस हातहि लावला नाहीं. प्रथम विचारलें, "भाऊसाहेब, मोटार दोनदां जळली, पण ती जळली कशानें, हें कोणी पाहिलें का?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. मग रीतसर वीज बंद करवून पाहणी झाली. डीपीवरील तीन फ्यूजांपैकीं एकीची पकड सैल होऊन काळी पडली होती. त्यामुळें तिसरी फेज क्षणांत येई, क्षणांत जाई. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढेंच होती. आमच्या स्टार्टरच्या पेटींत एक फेज गेल्यास मोटार आपोआप बंद करणारें यंत्र बसविलेलें होतें. त्यास सिंगल फेज प्रिव्हेंटर म्हणतात. तें वरचेवर मोटार बंद करतें म्हणून आदल्या वर्षीं आम्हींच त्याच्या तारा काढून टाकवून "डायरेक्ट" जोडणी करून घेतली होती. राखणीचा कुत्रा फार भुंकतो म्हणून आम्हीं त्याचें तोंड बांधलें, आणि चोरी झाल्यावर शेजाऱ्यावर आळ घेतला, असा हा न्याय झाला. त्या कारागिराची आम्हीं त्याच्या दुकानीं जाऊन माफी मागितली. येथें पुन्हां मागतों.

आतां मोटारीचा स्वभाव थोडक्यांत पाहूं. आपण शेतांत वापरतों ती मोटार निकोला टेस्ला यांच्या कल्पनेवर चालते. त्यांस अमेरिकेंत १८८८ सालीं तिचीं पेटंटें मिळालीं. तिच्यांत फिरणारा भाग एकच. त्याला वीज पोंचविण्यासाठीं घासणारे कोळसे नाहींत, ठिणग्या नाहींत. बाहेरच्या वेढ्यांतून तीन फेजांची वीज एकामागून एक फिरते, तिच्या फिरण्यानें चुंबकाचा एक भोंवरा निर्माण होतो, आणि आंतला दांडा त्या भोंवऱ्यामागें धांवूं लागतो. एवढेंच तिचें यंत्र. अशा मोटारीस बेअरिंगांची निगा आणि कोरडी जागा मिळाली तर ती वर्षानुवर्षें तक्रार करीत नाहीं.

पण ज्या तीन फेजांवर तिचा भोंवरा फिरतो त्यांतील एक गेली तर भोंवरा मोडतो. उरलेल्या दोहोंमध्यें चुंबक नुसता पुढेंमागें हेलकावतो. दांडा कोणत्या बाजूस फिरावा हें त्यास कळत नाहीं, आणि मोटार घुं घुं करीत जागच्या जागीं तापते. मोटार चालत असतांनाच एक फेज गेली तर ती लगेच थांबत नाहीं. दोन फेजांवर तीन फेजांचें ओझें ओढते आणि आंतल्या आंत जळत जाते. दुसरी गोष्ट दाबाची. वीज पुऱ्या दाबानें, म्हणजे ४१५ व्होल्टांनीं, आली तर मोटार पुऱ्या जोरानें उठते. पण दाब जितका कमी होतो त्याच्या वर्गाच्या प्रमाणांत जोर कमी होतो. दाब शेंकडा ८० वर आला तर जोर शेंकडा ६४ उरतो. ४१५ च्या जागीं ३०० व्होल्ट आले तर जोर जवळजवळ निम्मा होतो. निम्म्या जोरानें भरलेला पंप कसा उचलावा ? न उठलेली मोटार मात्र तारेंतून चालत्या मोटारीच्या पांच-सहापट वीज ओढीत राहते. बटण पुनःपुन्हां दाबणें म्हणजे बसलेल्या बैलास उठतां येत नाहीं हें न पाहतां त्याच्या पाठींत आसूड ओढणें आहे. बैल निदान हंबरतो. मोटार वासानें कळविते, आणि तो वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

म्हणून मोटार चालू झाली नाहीं कीं प्रथम हात मागें घ्यावा आणि पंचनामा करावा. यांत पेटी उघडण्याचें काम नाहीं. डोळे, कान आणि थोडा धीर पुरे.

पहिलें कलम विजेचें. घरांत दिवा लागला म्हणजे शेतांत तीनहि फेजा आल्या असें होत नाहीं. दिव्यास एक फेज पुरते. पुष्कळ ठिकाणीं शेतीच्या तीन फेजांची वेळ संपल्यावर दिव्यांपुरती एकच फेज चालू ठेवतात. पेटीवर तीन रंगांचे तीन दिवे असतील तर ते तीनहि सारखे उजळ आहेत का पाहावें. एक मंद किंवा विझलेला असेल तर मोटारीस हात लावूं नये. शेजाऱ्याची मोटार चालते का, हें विचारून यावें. त्याचीहि चालत नसेल तर दोष बहुधा तारेंत आहे, आणि आपली मोटार खोलण्याचें कारण नाहीं.

दुसरें कलम आवाजाचें. मोटार अगदीं मुकी असेल तर तिच्यापर्यंत वीज पोंचतच नाहीं. फ्यूज, स्टार्टर किंवा केबल यांत कोठें तरी खंड आहे. घुं घुं करीत असेल तर फेज गेली, दाब कमी आहे, किंवा पंप आंतून अडकला. चालू होऊन थोड्या वेळानें पडत असेल तर तिच्यावर ओझें जास्त आहे. या तीन आवाजांत भेद करतां आला कीं निम्मा पंचनामा संपला. वायरमनला बोलावतांना "मोटार बंद आहे" एवढेंच न सांगतां ती मुकी आहे, घुं घुं करते कीं पडते, हें सांगितलें तर त्याची एक खेप वांचते आणि आपला एक दिवस.

तिसरें कलम स्टार्टरचें. लाल बटण आंत अडकून राहिलें तर हिरवें कितीहि दाबलें तरी उपयोग नाहीं. मोटार तापल्यामुळें ओव्हरलोड रिले सुटली असेल तर पांच-दहा मिनिटें थांबून ती एकदां पूर्ववत् करावी. पुन्हां सुटली तर ती कांहीं सांगत आहे असें समजावें आणि तिचा कांटा फिरवून मर्यादा वाढवूं नये. स्टार्टरमधील नो-व्होल्ट कॉइल दाब फार कमी असल्यास पट्टी धरून ठेवीत नाहीं; बटण सोडतांच मोटार बंद पडते. अशा वेळीं कित्येक लोक बटणांत लांकडाची खुंटी ठोंसून ठेवतात. ही खुंटी मोटारीच्या मरणाची चिठ्ठी होय.

चवथें कलम पंपाचें, आणि तें आम्हां मावळांतल्या लोकांस विशेष लागू आहे. आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने मोटारीस काम नसतें. इंद्रायणी भात पावसाच्या पाण्यावर येतो. मोटार खोपटांत किंवा कांठावर पडून राहते. पवनेला पूर आला तर गाळ पंपांत शिरतो, पात्यांस गंज धरतो, दोरीचें पॅकिंग कडक होतें. दिवाळीनंतर प्रथम बटण दाबण्यापूर्वीं मेन स्विच बंद करून, फ्यूजा काढून स्वतःच्या खिशांत ठेवून, पंपाचा दांडा हातानें फिरवून पाहावा. हातानें फिरत नसेल तर तो विजेनेंहि फिरणार नाहीं. फ्यूजा खिशांत ठेवाव्या असें आम्ही मुद्दाम लिहितों. नुसता स्विच पाडून गेलें तर दुसरा कोणी सद्भावनेनें येऊन तो वर करतो, आणि घात होतो.

पांचवें कलम ओलीचें. ज्या मोटारीच्या आंत पाणी गेलें असेल किंवा जी चार महिने दमट हवेंत पडून होती, ती लगेच चालू करूं नये. वायरमनकडून मेगर लावून तिच्या वेढ्यांची रोधकता मोजावी. ती एक मेगओहमपेक्षां कमी असेल तर मोटार ऊन देऊन वाळवावी आणि पुन्हां मोजावी. दोन दिवसांचें ऊन फुकट असतें. मोटार भरण्याची मजुरी फुकट नसते.

इतकें पाहून कारण सांपडलें नाहीं तर पुढचें काम परवाना असलेल्या वायरमनचें. डीपीवर चढणें, तेथील फ्यूज घालणें, तारेंत आकडा टाकणें, हीं कामें शेतकऱ्याचीं नव्हेत. वाळला बांबू घेतला आहे, चपला पायांत आहेत, हे भरंवसे रात्रीच्या दंवांत आणि भिजल्या बांधावर टिकत नाहींत. फ्यूजेंत जाड तार घालणें हाहि त्याच जातीचा अपराध. फ्यूज ही वितळण्यासाठींच असते. ती वितळली नाहीं तर तिच्या जागीं मोटार वितळते.

येथवर एकट्याच्या मोटारीचें झालें. आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. फेज जाते कां आणि दाब उतरतो कां, याचें कारण पुष्कळदां आपल्या सर्वांच्या पेट्यांत एकत्र सांपडतें. ६३ केव्हीएचा एक डीपी घ्या. तो पुऱ्या भारानें सुमारें ८७ अँपिअर देऊं शकतो. पांच अश्वशक्तीची एक मोटार चालतांना सुमारें सात अँपिअर घेते. बारा मोटारी चालल्या तर चौऱ्याऐंशी. हिशेब कांठोकांठ बसतो. पण प्रत्येक मोटार उठतांना क्षणभर सहापट घेते. बाराहि मोटारी एका क्षणीं उठल्या तर मागणी ५०० अँपिअरच्या घरांत जाते. डीपी तेवढें कोठून आणणार ? दाब खालीं बसतो, मोटारी अर्ध्या जोरानें घुं घुं करीत राहतात, आणि सर्वांत अशक्त फ्यूज प्रथम जाते. एका फेजेची फ्यूज गेली कीं उरलेल्या मोटारी दोन फेजांवर जळूं लागतात. कधीं डीपीच जळतो.

बारा मोटारी एका क्षणीं कशा उठतात ? ऑटो स्विचमुळें. वीज येतांच हें यंत्र मोटार आपोआप चालू करतें. वीज कंपनी अनेक वर्षें सांगत आली आहे कीं, ऑटो स्विच काढा आणि कपॅसिटर बसवा. आपण ऐकत नाहीं. परंतु यांत सारा दोष शेतकऱ्याचा आहे असें आम्हांस वाटत नाहीं. शेतीस वीज आठवड्यांतून कांहीं दिवस रात्रीं येते. मध्यरात्रीं, थंडींत, साप-किरडूं आणि बिबट्याचें भय असतां, कोणी तरी शेतांत जाऊन बटण दाबावें असें सांगणें सोपें आहे. ज्याची रात्र जाते त्यानेंच ऑटो स्विच बसविला. त्याची अडचण खरी आहे. उपाय मात्र असा निघाला कीं त्यानें अडचण दुप्पट केली.

जुन्या दप्तरांत सातबाऱ्याच्या इतर हक्कांत आम्हीं कितीदां तरी लिहिलें आहे : अमुक विहिरींत अमुक खातेदाराचा चार आणे हिस्सा. या हिश्श्यांप्रमाणें मोटेच्या पाळ्या चालत. आज एकाची, उद्यां दुसऱ्याची. भाऊबंदकीचे दावे लढणारीं घराणींहि पाण्याची पाळी सहसा मोडीत नसत. कारण एका विहिरीवर दोन मोटा एकदम लावल्या तर दोघांसहि गाळच मिळतो, हें त्यांस डोळ्यांनीं दिसे. तारेंतील गाळ डोळ्यांस दिसत नाहीं, एवढाच फरक. सामाईकपणा तोच आहे. म्हणून आम्ही म्हणतों, विजेचीहि पाळी असावी.

ही पाळी तासांची नको, मिनिटांची पुरे. मोटार एकदां उठली कीं तिची भूक कमी होते. तेव्हां एका डीपीवरील बारा खातेदारांनीं एकत्र बसून आपापले क्रमांक ठरवावे. वीज आल्यावर पहिल्यानें एका मिनिटानें, दुसऱ्यानें दोन मिनिटांनीं, बाराव्यानें बारा मिनिटांनीं मोटार चालू करावी. ज्यांस रात्रीं जाणें शक्य नाहीं त्यांच्या पेटींत उशीर लावतां येणारें टायमरचें यंत्र बसवितां येतें. तें वायरमनकडून आपल्या क्रमांकाप्रमाणें लावून घ्यावें आणि बिनउशिराचा जुना ऑटो काढून टाकावा. बाराव्या क्रमांकाच्या माणसाचें नुकसान काय ? आठ तासांच्या पाण्यांत बारा मिनिटें. क्रमांक दर महिन्यास फिरते ठेवले तर तेंहि नुकसान सर्वांत वांटून जाईल.

दुसरें, कपॅसिटर. मोटार विजेचा कांहीं भाग कामासाठीं घेते आणि कांहीं भाग नुसता चुंबक उभा करण्यासाठीं तारेंतून ने-आण करीत राहते. कपॅसिटर ही ने-आण मोटारीजवळच भागवितो. तारेवरचा भार चौथाईच्या आसपास हलका होतो आणि शेवटच्या खांबावरील शेतकऱ्यास दाब बरा मिळतो. पांच अश्वशक्तीच्या मोटारीस दोन केव्हीएआरचा कपॅसिटर साधारणतः पुरतो. हा खर्च एकट्यानें केल्यास फायदा शेजाऱ्यास अधिक दिसतो, म्हणून कोणी करीत नाहीं. सर्वांनीं एकाच आठवड्यांत केला तर फायदा सर्वांस दिसेल.

तिसरें, खरें सांगणें. मंजुरी तीन अश्वशक्तीची आणि मोटार पांचाची, मंजुरी पांचाची आणि मोटार साडेसातीची, असे प्रकार आपल्यांत आहेत, आकडेहि आहेत. डीपीची शक्ति कागदावरील मोटारींच्या हिशेबानें ठरते. कागद खोटा लिहून घेतला तर डीपी जळणें हा त्या खोट्याचाच पंचनामा होय.

कोणी म्हणेल, तारा जुन्या आहेत, डीपी अपुरे आहेत. कंपनीनें आपलें कर्तव्य करावें, आम्हांसच उपदेश कां? हा आक्षेप रास्त आहे, आणि आम्ही कंपनीस मोकळी सोडीत नाहीं. ग्रामीण भागांत जळालेला डीपी अठ्ठेचाळीस तासांत बदलला पाहिजे, अशी वीज नियामक आयोगाची मर्यादा आहे. पण तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे, हें कारकुनाच्या अनुभवानें सांगतों. १९१२ क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा नंबर लिहून ठेवावा, लेखी अर्जाची पोंच घ्यावी, तारीख आणि वेळ टिपावी. कोणत्या दिवशीं कोणती फेज गेली याची वही प्रत्येक डीपीवर ठेवावी. बारा जणांच्या सह्यांचा आणि तीन महिन्यांच्या नोंदींचा अर्ज कोणत्याहि कचेरींत सहजासहजीं बाजूस टाकतां येत नाहीं. ज्यानें आपला भाग चोख केला आहे, त्याच्याच अर्जास धार येते.

आणखी एक विचार मनांत येतो. लोणावळें, वळवण आणि शिरवटा या आमच्या मावळांतील तलावांचें पाणी घाटाखालीं सोडून टाटांनीं खोपोलीस १९१५ सालीं वीज काढली. पुढें ठोकरवाडीच्या पाण्यावर १९२२ सालीं भिवपुरीस काढली. ती वीज मुंबईच्या गिरण्यांस गेली. गिरणींतल्या मोटारी सांभाळण्यास त्या वेळीं पगारी माणसें होतीं. शेतकऱ्याच्या मोटारीस असा पगारी माणूस नाहीं. १९६० सालीं राज्य वीज मंडळ झाल्यावर खेड्यांत तारा पसरत गेल्या, २००५ पासून वांटपाचें काम महावितरणकडे आलें, आणि २०२४ सालीं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांस वीजबिल माफ झालें. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर योजनाहि सुरू झाल्या आहेत. हें सर्व चांगलें आहे. परंतु बिल माफ झालें म्हणून जळालेली मोटार माफ होत नाहीं, चुकलेलें पाणी परत येत नाहीं, आणि तारेस चिकटलेला मुलगा कोणत्याहि योजनेंत बसत नाहीं.

यासाठीं आमची संघास सूचना आहे. प्रत्येक गांवीं संघाच्या मालकीची एक पेटी असावी : एक टाँग टेस्टर, एक मेगर, रबरी हातमोजे आणि एक वही. ती परवानाधारक वायरमनच्या हातीं द्यावी आणि त्याची ठराविक फी संघानें ठरवावी. दसऱ्यास आपण हत्यारांची पूजा करतों. त्याच सुमारास, हंगामापूर्वीं, प्रत्येक सभासदाच्या मोटारीची एकदां तपासणी व्हावी. आणि भरावयास दिलेली कोणतीहि मोटार ती कां जळाली याचें कारण वहींत लिहिल्यावांचून पुन्हां बसवूं नये. हा एक नियम आम्हीं पाळला असता तर एक पीक आणि एक हात वांचला असता.

आमच्या डीपीवर यंदा नऊ जणांनीं क्रमांक लावून घेतले आहेत. तिघे अजून तयार नाहींत. त्यांच्याशीं बोलणें चालू आहे. पुतण्याच्या हातावर वळ राहिला आहे. तो आतां बटणाजवळ जातांना प्रथम तीन दिवे पाहतो, मग घड्याळ पाहतो, आणि आपलें मिनिट आल्यावर बटण एकदांच दाबतो.